मार खाणाऱ्याकडे बघा

बेळगाव भागातल्या मैदानात पैलवानाला घालायची सगळ्यात मोठी शिवी म्हणजे 'नुरा'. दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकून नुसतेच गोल फिरायला लागले, डाव कुणीच टाकेना, की मागनं आवाज येतोच, "ए, नुरा हाय रे ही, सोडवा!" नुरा म्हणजे निकाल आधी ठरवून लढलेली कुस्ती. मग पंच दोघांना दम भरतात, इनाम मिळणार नाही म्हणून सांगतात, हलगीवाला उगाचच ठेका वाढवतो. एकदा हा शिक्का बसला की त्या पैलवानाला पुढच्या यात्रेत चांगली जोड मिळायची मारामार.

आणि जगात एक धंदा असा आहे की त्यातली प्रत्येक कुस्ती नुरा असते, बघणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं, आणि तरी नेटफ्लिक्सनं जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या सोमवारच्या कार्यक्रमासाठी दहा वर्षांचा, पाच अब्ज डॉलरहून मोठा करार जाहीर केला. डब्ल्यूडब्ल्यूई. अमेरिकेतली प्रो रेसलिंगची, म्हणजे करमणूक म्हणून ठरवून लढायच्या कुस्तीची कंपनी. आमच्या पिढीच्या तोंडात अजून तिचं जुनं नाव, डब्ल्यूडब्ल्यूएफच.

आमच्या वडगावच्या कट्ट्यावर ह्यावरनं कायम वाद. चाळिशीतले आम्ही म्हणणार, जुनं ते जुनं, आताचे नुसते कोलांट्या मारतात. विशीतली पोरं म्हणणार, तुमचा हल्क होगन तीन डाव मारून पोट भरायचा. मी जुन्यांच्या बाजूचा, पण आमच्या बाजूचे लोक जी कारणं देतात ती मला पटत नाहीत. माझं कारण वेगळं आहे, आणि ते सांगायचं तर हा प्रकार आतून चालतो कसा ते आधी सांगायला हवं.

१९९५-९६ ची गोष्ट असेल. येळ्ळूरचा माझा आज्जा, आईचा बाप, आमच्याकडे मुक्कामाला आला होता. तरुणपणी स्वतः मातीत उतरलेला, कान मोडलेला माणूस. केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफचा पैलवान अंडरटेकर लागला होता. आज्जानं दहा मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, "नुरा हाय." आम्ही पोरं हिरमुसलो. त्या वयात आमचे खिसे ट्रम्प कार्डांनी भरलेले असायचे. वजन, छाती, दंड, लढलेल्या लढती, जिंकलेल्या लढती असे आकडे त्यावर असायचे आणि ज्याचा आकडा मोठा तो समोरच्याचा पत्ता घ्यायचा. (ठरवून लावलेल्या निकालांची बेरीज करून आम्ही मधल्या सुट्टीत एकमेकांना हरवत होतो, हे आता आठवलं की हसू येतं.) तर आज्जा नुरा म्हणाला खरा, पण खुर्चीवरनं उठेना. मी विचारलं, "मग बघालास कशाला?"

"पडतोय झक्कास," आज्जा म्हणाला.

पडणं

डब्ल्यूडब्ल्यूईची रिंग वीस फूट बाय वीस फूट असते. खाली लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर पातळसा फोम आणि वर ताणून बसवलेलं कॅनव्हास. गादी वगैरे काही नाही. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेली आपल्या हौद्यातली माती ह्यापेक्षा कितीतरी मऊ. त्या फळ्यांवर रोज पाठ आपटायची तर पडायची विद्याच लागते. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोक्याची मागची बाजू टेकत नाही. पाठ एकदम सपाट पडली पाहिजे, आधी कंबर मग खांदे असं चालत नाही. त्याच क्षणी दोन्ही हात बाजूला आपटायचे आणि श्वास सोडायचा. मार मग एका जागी न बसता सगळ्या पाठीवर पसरतो. फळ्या धाडकन वाजतात, त्या आवाजासाठी रिंगखाली माईक लावलेला असतो. ह्या पडण्याला त्यांच्याकडे 'बम्प' म्हणतात. निकाल खोटा असतो, पण पाठ खरीच आपटते.

आणि उचलून आपटणारा जितकी मेहनत करतो तितकीच उचलला जाणारा करतो. तो स्वतः उडी मारतो, अंग हलकं करतो, योग्य जागी हात लावून तोल देतो. दीडशे किलोचा माणूस असाच कुणी उचलत नाही.

हे आम्हाला माहीत नव्हतं. एका दुपारी वस्ताद नाहीत बघून मी आणि माझा आतेभाऊ गल्लीतल्या तालमीत शिरलो आणि हौद्यात अंडरटेकरचा टूम्बस्टोन करून बघितला. ह्या डावात समोरच्याला उलटा धरून गुडघ्यांवर बसायचं असतं. टीव्हीवर वाटतं की डोकं जमिनीवर आदळलं. खरं तर डोकं मांड्यांच्या मध्ये, गुडघ्यांच्या चांगलं वर राहायला पाहिजे. माझ्याकडून ते चार बोटं खाली राहिलं. मातीमुळे वाचलो. आठवडाभर आतेभाऊ मान न वळवता सगळं अंग वळवून बघत होता, आणि वस्तादांना कळल्यावर तोच आठवडा मी एकट्यानं खोऱ्यानं हौदा खणला.

पडण्याच्या पुढची पायरी म्हणजे पडल्यावर काय करायचं. ह्याला 'सेल' करणं म्हणतात. मराठीत सरळ सांगायचं तर मार लागल्याचं सोंग वठवणं. गुडघ्यावर लाथ बसली तर पुढची दहा मिनिटं तो गुडघा दुखला पाहिजे. जिंकायच्या वेळी उडी मारतानासुद्धा त्या पायावर भार देताना चेहरा कसनुसा झाला पाहिजे. मारणारा किती भारी आहे हे मार खाणारा ठरवतो. जुनं-नवं हा वाद माझ्या मते इथं आहे.

एकच दुखणं, दोन औषधं

हे सगळं ठरवून करायची वेळ का आली? १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये आपला गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिश्को भिडले. झ्बिश्को पोटावर पडून राहिला तो राहिलाच. अडीच तासांवर गामा त्याला उलटवायला बघत होता. बरोबरीत सुटली. (पुढे १९२८ मध्ये पतियाळ्यात गामानं त्याला मिनिटाच्या आत चीत केला, पण लंडनकरांना त्याचा काय उपयोग!) खऱ्या कुस्तीचं दुखणं हेच. दोन तोडीचे पैलवान असले की कुस्ती रेंगाळते, आणि तिकीट काढून आलेला माणूस जांभया देतो.

आपल्याकडे ह्यावर औषध निघालं ते वेळेचं आणि गुणांचं. ठरल्या वेळेत निकाल नाही लागला तर गुणांवर. अमेरिकेत दुसरं औषध निघालं. कुस्त्या ठरवणं तिथं आधीही चालायचं, पण १९२० च्या दशकात एड 'स्ट्रँगलर' लुईस, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स माँट ह्या तिघांनी त्याचा रीतसर धंदा केला. वेळ बांधली, उचलून आपटायचे दिखाऊ डाव आणले, निकाल ठरवले आणि पैलवानांचा ताफा नाटक मंडळीसारखा गावोगाव फिरवला.

हे वारं आपल्याकडेही आलं. मुंबईत वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंगच्या 'फ्री स्टाईल' कुस्त्यांना तोबा गर्दी व्हायची, १९६८ मध्ये त्यानं मुंबईतल्या लढतीत अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. पण आमच्या भागातल्या जुन्या माणसांनी त्याला कधी मनापासून कुस्ती मानलं नाही. ते तरी काय करणार? आपल्याच चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याच्या श्रीपती खंचनाळेंनी १९५९ मध्ये दिल्लीत पहिला हिंदकेसरी किताब मिळवला होता. आज्जा खंचनाळेंचं नाव घ्यायचा तेव्हा आपोआप ताठ बसायचा. दारासिंगचं नाव निघालं की म्हणायचा, "माणूस देखणा."

दशावतार की नाटक

जुन्या काळात हे गुपित जिवापाड जपायचे. त्याला 'केफेब' असा त्यांचा चोरभाषेतला शब्द आहे. सज्जन पैलवान म्हणजे 'फेस', खलनायक म्हणजे 'हील'. दोघांनी एका गाडीतून प्रवास करायचा नाही, एका टेबलावर जेवायचं नाही. रिंगमध्ये पाय लंगडला तर हॉटेलातही लंगडत जायचं. हे सोंग अधिकृतपणे उतरलं ते पैशापायी. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्यात क्रीडा मंडळाचं नियंत्रण आणि कर अंगावर पडू नये म्हणून डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीनंच सरकारदरबारी सांगितलं की हा खेळ नाही, करमणूक आहे. उरलंसुरलं १९ मे १९९६ ला गेलं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कंपनी सोडून जाणाऱ्या दोघांना निरोप द्यायला चार जिवलग मित्रांनी, त्यात दोन फेस आणि दोन हील, भर रिंगमध्ये एकमेकांना मिठ्या मारल्या.

पण केफेब गेलं म्हणून कुस्ती बिघडली, हे आमच्या कट्ट्याचं म्हणणं मला मान्य नाही. आज्जाला पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं, त्याचं काय बिघडलं? बदल दुसरीकडे झाला.

आपल्याकडे चंदगड, खानापूरच्या बाजूला दशावतार बघितलेल्यांना हे लगेच कळेल. दशावतारात आख्यान कुठलं, शेवट काय, एवढं आधी ठरतं. संवाद लिहिलेले नसतात, नट ते रंगमंचावरच रचतात. राक्षसाच्या वाक्याला लोक हसले की तो अजून चार वाक्यं वाढवतो. जुनी प्रो रेसलिंग बरीचशी अशीच चालायची. कोण जिंकणार आणि शेवट कसा, एवढं खोलीत ठरायचं. मधली वीस मिनिटं रिंगमध्येच जुळवायची. एकानं दुसऱ्याची मान बगलेत धरली, तोंड केसांत लपवलं की समजायचं, आता पुढचे डाव कानात सांगणं चाललंय. लोक गप्प बसले तर हील अजून हलकटपणा करायचा, लोक पेटले तर फेस उठायचा. लोकांच्या आवाजावर कुस्ती वळायची.

आता बऱ्याच मोठ्या लढती लिहिलेल्या नाटकासारख्या असतात. डावामागून डाव आधीच पाठ, पंचाच्या कानात यंत्र, जाहिरात कधी, शेवट कधी, सगळं मिनिटाला बांधलेलं. त्यामुळे चुका कमी होतात, अवघड डाव सफाईनं येतात. आजचा साधा पैलवान जे करतो ते १९८५ च्या चॅम्पियनला झेपलं नसतं, इथं विशीतली पोरं शंभर टक्के बरोबर आहेत. पण पाठ केलेल्या क्रमात पुढचा डाव डोक्यात असतो, म्हणून मागच्या डावाचा मार अंगात मुरत नाही. चौथ्या मजल्यावरनं पडल्यासारखा पडलेला माणूस पाच सेकंदांत उठून धावतो. घाई. मला खटकतं ते एवढंच.

ह्यात माझीच पंचाईत करणारं एक उदाहरण आहे. २९ मार्च १९८७, तिसरी रेसलमेनिया, म्हणजे ह्या कंपनीची वर्षातली सगळ्यात मोठी यात्रा. होगननं अवाढव्य आंद्रेला उचलून आपटलं ती. त्याच दिवशी रँडी सॅवेज आणि रिकी स्टीमबोट लढले, आणि जुन्या काळातली सर्वोत्तम लढत म्हणून आम्ही म्हातारे जिचं नाव घेतो ती हीच. ती आख्खी डावागणिक आधी लिहून, पाठ करून लढलेली आहे. सॅवेजला तशीच सवय होती. म्हणजे पाठ करणं हा गुन्हा नव्हे. पाठ करूनही मार मुरवता येतो, तेवढी अक्कल लागते.

पैसा कुठून येतो

घाई का आली, ह्याचं उत्तर पैलवानांत शोधू नका, हिशेबाच्या वहीत शोधा.

ब्रुनो सामार्टिनो १७ मे १९६३ ला ह्याच कंपनीचा चॅम्पियन झाला आणि १८ जानेवारी १९७१ पर्यंत राहिला. २,८०३ दिवस. तेव्हा पैसा तिकिटातून यायचा. ह्या महिन्याची कुस्ती अशी संपवायची की पुढच्या महिन्यात माणूस परत तिकीट काढेल. टीव्ही ही नुसती जाहिरात होती, तिथं नावाजलेला पैलवान कुणा अनोळखी बापड्याला दोन मिनिटांत लोळवायचा. मोठ्याची मोठ्याशी गाठ बघायची तर खिशात हात घालावा लागायचा. आमच्या लहानपणीही आठवडेच्या आठवडे दोघं नुसते एकमेकांकडे डोळे वटारायचे, आणि आम्ही त्यावरही खूश असायचो.

हे मोडलं सोमवारच्या लढाईनं. डब्ल्यूडब्ल्यूएफचा सोमवारचा कार्यक्रम 'रॉ' १९९३ च्या जानेवारीत सुरू झाला होता, समोर डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीनं ४ सप्टेंबर १९९५ ला त्याच वेळेला 'नायट्रो' उभं केलं. पुढे सलग ८३ आठवडे नायट्रोनं रॉला प्रेक्षकसंख्येत मागे टाकलं. रिमोटच्या एका बटणावर प्रेक्षक पळतोय म्हटल्यावर दोघांनीही ठेवणीतला माल फुकट बाहेर काढला. ६ जुलै १९९८ ला गोल्डबर्गनं होगनला हरवलं ते चक्क नेहमीच्या सोमवारच्या नायट्रोत. महिनोन् महिने तापवून पैसे लावून दाखवायची कुस्ती एका रात्रीच्या आकड्यांसाठी खर्ची पडली. आमच्या पिढीला तो काळ सोन्याचा वाटतो, आणि बघायला होताच. पण बी-बियाणं तेव्हाच खाऊन टाकलं. २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू विकली गेली. २०१२ पासून रॉ तीन तासांचं झालं. दर आठवड्याला तीन तास भरायचे म्हटल्यावर मोठ्या जोडी त्याच त्या लावाव्या लागल्या. आपल्याकडं यात्रा वर्षातनं एकदा असते म्हणून पहिल्या नंबरच्या कुस्तीला वजन असतं. दर सोमवारी यात्रा भरवली तर कोण बघणार?

ह्यातूनच आली महागाई. जुन्या काळात ठेवणीतला डाव बसला की खेळ खलास. टूम्बस्टोन बसला, खांदे टेकवले, पंचानं तीन मोजले, घरी चला. आता तोच डाव तीनदा बसतो, समोरचा तीनदा खांदा उचलतो, चौथ्याला हरतो. नोटा जास्त छापल्या की रुपयाची किंमत जाते तसं हे. आणि इथंही पाप आमच्याच लाडक्यांचं. ५ एप्रिल २००९ च्या रेसलमेनियात शॉन मायकल्स टूम्बस्टोन खाऊनही सुटला. अंडरटेकरचे डोळे असे विस्फारले की आम्ही टीव्हीसमोर उभे राहिलो. ते क्वचितच व्हायचं म्हणून भारी होतं. नंतर जो तो तेच करायला लागला.

आताचं काय चांगलं

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी जरा मेलेल्यांचाही हिशेब करावा. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट ह्या पैलवानाला छतावरनं दोरीनं खाली सोडायचा थाट होता. हूक सुटला आणि तो खाली पडून गेला. कार्यक्रम पुढे चालूच ठेवला. त्याच वर्षी जानेवारीत हात बेड्यांत अडकवलेल्या मिक फोलीच्या डोक्यावर रॉकनं दहावर खुर्च्या घातल्या, समोर फोलीची बायकामुलं बसली होती. आम्ही तेव्हा शिट्ट्या मारल्या. २००७ मध्ये क्रिस बेन्वानं बायकोला आणि मुलाला मारून स्वतःला संपवलं. नंतर मेंदू तपासला तर वर्षानुवर्षांच्या माराच्या खुणा निघाल्या. डोक्यात खुर्ची घालणं पुढे बंद झालं. आताची डब्ल्यूडब्ल्यूई मिळमिळीत आहे म्हणणाऱ्याला मी हे सांगतो, मग जरा शांतता होते.

बायकांच्या कुस्तीबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या काळात त्यांना पाच मिनिटं द्यायचे आणि त्यातही कपड्यांचीच चर्चा. २०१९ च्या रेसलमेनियात शेवटची लढत तीन बायकांची होती. आपल्याकडच्या मैदानातही आता मुलींच्या कुस्त्या लागतात आणि म्हातारे शड्डूवर मान डोलावतात.

आणि मुरवण्याची कला मेलेली नाही. रोमन रेन्स ऑगस्ट २०२० पासून एप्रिल २०२४ पर्यंत, १,३१६ दिवस, चॅम्पियन राहिला. आजच्या काळात ही अजब गोष्ट. आणि गोष्ट कसली, तर अस्सल भाऊबंदकी: घरचा कारभारी कोण, चुलत भावांनी कुणाचं ऐकायचं, बाहेरच्या पोराला घरात घ्यायचं की नाही. ते बाहेरचं पोरगं म्हणजे सॅमी झेन. जानेवारी २०२३ मध्ये हातातली खुर्ची मित्राच्या पाठीत घालायची की रेन्सच्या, ह्यावर तो नुसता उभा राहिला. डाव नाही, उडी नाही. घरात आमच्या हिनं भाजी करपू दिली.

तर ज्यानं हा प्रकार कधी बघितला नाही त्यानं सुरुवात कुठून करायची? सॅवेज आणि स्टीमबोट, १९८७. जेमतेम साडेचौदा मिनिटं. त्याआधी काही महिने सॅवेजनं रिंगची घंटा स्टीमबोटच्या गळ्यावर आपटली होती, एवढी पार्श्वभूमी पुरे. शेवटी स्टीमबोट त्याला मोळी बांधावी तसा गुंडाळून खांदे टेकवतो. सॅवेज झगमगता असतो, डोळे तिकडेच जातात, पण तुम्ही स्टीमबोटकडे बघा. एकदा आवाज ठेवून, एकदा आवाज बंद करून. बंद केल्यावर त्याचा हात किती वेळा गळ्याकडे जातो ते मोजा. मी तीनदा मोजायला बसलो, दरवेळी मध्येच आकडा विसरलो आणि लढतच बघत बसलो.